बर्फातली छोटी स्पोर्टी गाडी: हौस की हट्ट?

चक्रधर
माझ्याकडे मझदा एमएक्स-५ आहे. दोन सीटा, रिअर व्हील ड्राइव्ह, वजन टनाच्या आसपास. पहिला बर्फ पडला की ओळखीतले सगळे विचारतात, "आता झाकून ठेवणार ना?" नाही ठेवत. हा तिसरा हिवाळा आहे.

गाडी कोणती आहे ते नंतर, आधी तिच्या पायात काय आहे ते बघा. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक व्हायला लागतं. मग चार चाकांना ताकद देणारी अवाढव्य गाडी असली तरी ती वळणावर सरळच जाते. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलंय म्हणून टायर घेऊ नका. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण, हे चिन्ह बघून घ्या. मी १७ इंची चाकं काढून १६ इंची, १९५ मिलिमीटर रुंदीचे टायर लावतो. अरुंद टायर ताजा बर्फ कापत खाली जातो, रुंद टायर त्यावर चढून बसतो. शिवाय पुढेमागे वजन जवळपास निम्मं निम्मं, त्यामुळे गाडी सुटायला लागली की आधी बुडाला कळतं. हिवाळाभर झाकून ठेवायची तर घ्यायची कशाला?

वाटसरू
टायरचं सगळं मान्य. पण पोटाचं काय? तुमच्या गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम १३-१४ सेंटीमीटर. रात्रीत २० सेंटीमीटर पडला की टायर कितीही भारी असोत, गाडी बर्फावर पोट टेकवून बसणार आणि चाकं जागच्या जागी गरगरणार. त्यात रस्ता साफ करणारं यंत्र दारासमोर बांध घालून जातं, तो वेगळाच. मी माझ्या हॅचबॅकने असा बांध एकदा 'जोरात घेऊ' म्हणून घेतला. रात्रभरात तो दगड झाला होता. बंपरखालचं प्लास्टिक तिथेच राहिलं, बर्फ वितळल्यावर सापडलं.

गिअरवेडा
छोटी गाडी म्हणजे बर्फात कुचकामी, हे मात्र पटत नाही. माँटे कार्लो रॅली मिनी कूपरने १९६४, १९६५ आणि १९६७ साली जिंकली, आणि १९६५ ला तर बर्फाने नुसता धुमाकूळ घातला होता.

वाटसरू
अहो, मिनीचं इंजिन पुढे, आणि ओढणारी चाकंही पुढचीच. वजन बरोबर कामाच्या चाकांवर. चक्रधररावांच्या मागच्या चाकांवर काय आहे? एक रिकामी डिकी. आणि रॅलीत समोरून स्कूलबस येत नाही. (ह. घ्या.)

चक्रधर
चढावर मिनी जिंकेल, कबूल. पण फिरणारी चाकं आणि थांबणारी चाकं यात लोक गल्लत करतात. फोर व्हील ड्राइव्ह निघायला मदत करतं. ब्रेक मारल्यावर सगळ्यांना चारच टायर.

उतारावर मात्र रिअर व्हील ड्राइव्हचा एक धडा मी अंगावर घेतलाय. तिसऱ्यातून दुसऱ्यात आलो आणि सवयीने क्लच झटकन सोडला. इंजिनाने मागची चाकं धरून ठेवली, शेपूट बाहेर. पाय पुन्हा क्लचवर गेला म्हणून वाचलो. आता गिअर खाली घेताना आधी हलकासा रेस देतो, मगच क्लच सोडतो. शून्याच्या आसपास तर जास्तच जपतो, कारण ओलसर बर्फ कडाक्याच्या थंडीतल्या कोरड्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो.

हिमगौरी
तुम्ही सगळे चालवण्यावर भांडताय, गाडीचा कुणी विचारच करत नाही. मी पहिल्या पिढीची एमएक्स-५ (१९८९-९७ मधली) चार हिवाळे चालवली आणि पाचव्याला थांबले. घसरण्याला घाबरून नाही, मिठामुळे.

रस्त्यावर टाकलेलं मीठ पाण्यासोबत तळाशी सगळीकडे शिरतं. त्यात या गाडीची खोड अशी की कापडी छतावरचं पाणी सीटांच्या मागच्या दोन भोकांतून खाली जातं. भोकांत पाला अडकला की ते पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत मुरतं. मी एकदा तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला. दाबलाही नव्हता, नुसता टेकवला. आरपार गेला. वर कामावरून आल्यावर खारट चिखलाने माखलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवायचे. तीही चूकच, गोठलेल्या गाडीपेक्षा ओल्या, उबदार गाडीला गंज लवकर चढतो.

आणि मागची प्लास्टिकची खिडकी! कडक थंडीत छत दुमडलं तर तडकते. माझी तडकली.

गिअरवेडा
ताई, स्क्रूड्रायव्हरचं वाचून मी आत्ता खाली जाऊन बघून आलो.

नवशिक्या
मध्येच विचारतो. बर्फातून आल्यावर माझं स्टिअरिंग ठराविक वेगाला थरथरतं. अलाइनमेंट गेली का?

हिमगौरी
बहुतेक नाही. चाकाच्या आतल्या बाजूला बर्फ गोठून बसतो आणि तोल बिघडतो. काठीने खरवडून काढा, तरीही थरथरलं तर मग दाखवा. तसंच हँडब्रेक लावून ठेवू नका, रात्रीत गोठतो. सपाट जागी गिअरमध्ये उभी करा.

वाटसरू
मूळ मुद्दा राहिलाच. चक्रधर, रात्रीत २० सेंटीमीटर पडतो तेव्हा तुम्ही नक्की काय करता?

चक्रधर
त्या दिवशी बसने जातो.

वाटसरू
म्हणजे झाकून ठेवताच की!

चक्रधर
झाकत नाही हो. ओल्या बर्फाच्या ओझ्याने छत ताणू नये म्हणून झोपायच्या आधी दोनदा खाली जाऊन मऊ झाडूने झाडून येतो.