'आंतरराष्ट्रीय' कामगिरी आणि 'हॉल ऑफ फेम' : नेमका अर्थ काय?

मूळ प्रश्न

एका साप्ताहिकाच्या क्रीडापानाची मुद्रितं मी तपासते. परवा एका लेखात हे वाक्य आलं :

"ब्राझीलचा ऑस्कर श्मिट एनबीएत एकही सामना खेळला नाही, तरी निव्वळ आंतरराष्ट्रीय कामगिरीच्या जोरावर त्याला एनबीए हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं."

व्याकरणाला धरून आहे, ऱ्हस्वदीर्घही ठीक. पण पेन्सिल तिथेच अडली. एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. ज्या लीगमध्ये पाऊलही टाकलं नाही, त्या लीगच्या नामवंतांच्या दालनात जागा मिळते कशी? वाचणाऱ्याला वाटणार, कुणीतरी मेहेरबानी केली. लेखकालाही तसंच वाटत असावं, कारण पुढचा अख्खा परिच्छेद 'हे योग्य आहे का' यावर होता. मला मात्र हा वाद खेळाचा कमी आणि शब्दांचा जास्त वाटतो. 'हॉल ऑफ फेम'ला मराठीत काय म्हणावं? त्याआधी 'एनबीए' लावणं बरोबर आहे का? आणि 'आंतरराष्ट्रीय' इथे कुठल्या अर्थाने आलंय?

प्रतिसाद

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. हा हॉल ऑफ फेम ज्या गावात आहे ते स्प्रिंगफील्ड आमच्याकडून गाडीने दीड तासावर आहे, मुलांना घेऊन दोनदा जाऊन आलोय. चेंडूसारखा गोल घुमट, त्याच्याखाली खरंखुरं कोर्ट, आणि वर घुमटाच्या कडेने गोलाकार लावलेले मानकऱ्यांचे फोटो. खाली पोरं बास्केट टाकत असतात आणि वरून हे सगळे बघत असतात. माझी धाकटी मान वर करून एकेका फोटोचं नाव विचारत होती. निम्म्यांची नावं मला सांगता आली नाहीत.

दारावर 'एनबीए' नाही. नाव आहे 'नायस्मिथ मेमोरियल बास्केटबॉल हॉल ऑफ फेम'. जेम्स नायस्मिथ यांनी याच गावात डिसेंबर 1891 मध्ये हा खेळ शोधला. थंडीत मुलांना आत खेळता यावं म्हणून पीचच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि 13 नियम लिहून भिंतीवर लावले. नायस्मिथ मूळचे कॅनडाचे. पहिल्या सामन्यात नऊ-नऊ जण खेळले, त्यांत गेंझाबुरो इशिकावा हा जपानी विद्यार्थी होता. ज्या शाळेत हे घडलं तिच्या नावातच 'इंटरनॅशनल' होतं : इंटरनॅशनल वायएमसीए ट्रेनिंग स्कूल. (वायएमसीए म्हणजे ख्रिस्ती तरुणांची संघटना.) एनबीएचा जन्म त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी झाला. तेव्हा 'एनबीए हॉल ऑफ फेम' ही सरळसरळ चूक आहे. अमेरिकेतही अनेक जण असं बोलतात, पण छापताना ते काढायलाच हवं.

प्रतिसाद

शब्दाच्या मुळाकडे जाऊ. 'हॉल ऑफ फेम' हा शब्दप्रयोग अमेरिकेत रुळला तो न्यूयॉर्कच्या 1900 च्या 'हॉल ऑफ फेम फॉर ग्रेट अमेरिकन्स'मुळे, आणि त्याची कल्पना आली म्युनिकच्या 'रूमेसहाले'वरून. 'रूम' म्हणजे कीर्ती, 'हाले' म्हणजे दालन. 1853 मध्ये पूर्ण झालेली ती खांबांची ओसरी आहे आणि तिच्यात बव्हेरियातल्या नामवंतांचे अर्धपुतळे मांडलेले आहेत.

'फेम'चं लॅटिन मूळ 'फामा', म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट. आपली 'कीर्ती' अगदी त्याच घरची. 'कीर्त्' म्हणजे सांगणं, उच्चारणं. त्याच धातूपासून 'कीर्तन' झालं. जिचं कीर्तन होतं ती कीर्ती. म्हणून मी 'कीर्तिदालन' सुचवेन. सुटा शब्द 'कीर्ती', पण समासात 'कीर्तिदालन', मधली वेलांटी ऱ्हस्व. 'कीर्तिमंदिर' नको. बडोद्याचं आणि पोरबंदरचं कीर्तिमंदिर प्रसिद्ध आहे, वाचकाच्या डोळ्यांपुढे तेच उभं राहील.

प्रतिसाद

'मानकरी' का नको? मानाचा गणपती, मानाची पालखी, मानाची गदा. 'मान' म्हटलं की मराठी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. 'बास्केटबॉलचे मानकरी' छान वाटतं.

प्रतिसाद

माणसासाठी 'मानकरी' उत्तम, वास्तूसाठी चालणार नाही. अडचण आणखी एक आहे. आपल्याकडचा मान बराचसा वंशपरंपरेने येतो. पाटलाचा मान, देवळातला पहिला मान. तो कुठल्या घराचा हे आधीच ठरलेलं असतं, बाहेरच्याला कितीही गुणी असला तरी मिळत नाही. इथे चर्चा नेमकी बाहेरच्यांचीच चाललीय. कीर्तीला घराणं लागत नाही.

धागाकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे आभार. 'कीर्तिदालन' मला फार आवडलं. मथळ्यात ते चालवून बघीन, मजकुरात मात्र 'हॉल ऑफ फेम'च ठेवावं लागेल, कारण क्रिकेटमुळे तो शब्द आता घराघरात पोचलाय.

'आंतरराष्ट्रीय'वर दोन दिवस विचार करतेय. शाळेत असताना मला धावण्याचं प्रमाणपत्र मिळालं होतं, त्यावर 'आंतरशालेय स्पर्धा' असं छापलेलं होतं. 'आंतर' म्हणजे दोघांच्या किंवा अनेकांच्या दरम्यान : आंतरशालेय, आंतरजातीय, आंतरविद्यापीठीय. 'आंतरशालेय खेळाडू' म्हणजे दुसऱ्या शाळेची मुलगी, असं कोणी म्हणणार नाही. आपल्या शाळेतर्फे इतर शाळांशी खेळली ती आंतरशालेय. याच न्यायाने आंतरराष्ट्रीय खेळाडू म्हणजे स्वतःच्या देशाकडून खेळलेला. भारताचं नेतृत्व केलेली पुण्याची शिरीन लिमये आपल्याला आंतरराष्ट्रीय खेळाडू वाटते ती याच अर्थाने.

अमेरिकन बास्केटबॉलमध्ये 'इंटरनॅशनल प्लेअर' म्हणजे मात्र परदेशी खेळाडू. तो स्वतःच्या देशाकडून एकदाही खेळलेला नसला तरी 'इंटरनॅशनल'. शब्द एकच, अर्थ दोन, आणि भाषांतर करणारा बेसावध असला की पहिल्याच्या जागी दुसरा येऊन बसतो.

त्याहून खोल फरक आपल्या कानात आहे. आपले कान क्रिकेटने घडवलेत. तिथे खाली रणजी, वर आंतरराष्ट्रीय. 'आंतरराष्ट्रीय शतक' म्हटलं की मान ताठ होते. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत 589 बळी घेतले, पण भारताची टोपी मिळाली नाही, आणि ती हळहळ मुंबईच्या मैदानांवर इतकी वर्षं टिकून राहिली. अमेरिकेत ही शिडी उलटी आहे. तिथे देशातली लीग वरच्या पायरीवर आणि आंतरराष्ट्रीय खालच्या. म्हणून 'निव्वळ आंतरराष्ट्रीय कामगिरी' हे शब्द मराठीत मुळात विसंगत आहेत. आपण 'निव्वळ कसोटी क्रिकेटच्या जोरावर' असं लिहू का?

प्रतिसाद

शब्दांबद्दल पटलं, पण शब्द दुरुस्त केले की प्रश्न मिटतो असं नाही. सगळी आंतरराष्ट्रीय कामगिरी सारख्या वजनाची नसते. जगातले सर्वात चांगले खेळाडू रोज ज्या लीगमध्ये एकमेकांशी भिडतात तिथे टिकणं वेगळं, आणि चार वर्षांतून एकदा आठ-नऊ सामने खेळणं वेगळं. ऑस्करच्या नावावर कारकिर्दीत 49,737 गुण सांगतात, पण त्यातले बरेचसे ब्राझील आणि इटलीच्या लीगमधले. शिवाय परदेशी खेळाडूंसाठी वेगळी समिती आहे, तिला 2011 मध्ये थेट निवडीचा अधिकार मिळाला. मग घरच्या खेळाडूला एक दार आणि बाहेरच्याला दुसरं, असं नाही का झालं?

धागाकर्तीचं उत्तर

तुमचा मुद्दा रास्त आहे. कामगिरीचं वजन करायलाच हवं. फक्त तराजू कुठला, ते पाहू.

ऑस्करला 1984 मध्ये एनबीएतल्या न्यू जर्सी नेट्स संघाने निवडलं होतं, म्हणजे दार उघडं होतं. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे एनबीएत गेलेल्याला देशाकडून खेळता येत नसे. त्याने ब्राझील निवडलं. हा नियम उठला तो एप्रिल 1989 मध्ये, जागतिक महासंघाच्या म्युनिकमधल्या सभेत, 56 विरुद्ध 13 मतांनी. तोवर ऑस्कर एकतीस वर्षांचा झाला होता. पाच ऑलिंपिक खेळून त्याने 1,093 गुण केले. 1987 च्या पॅन अमेरिकन स्पर्धेचा अंतिम सामना इंडियानापोलिसला होता. मध्यंतराला अमेरिका 14 गुणांनी पुढे होती. ऑस्करने एकट्याने 46 गुण केले आणि ब्राझील 120-115 ने जिंकलं, तेही अमेरिकेच्या अंगणात. ब्राझीलमध्ये त्याला 'माओ सांता' म्हणतात, शब्दशः पवित्र हात. आपण डॉक्टरबद्दल म्हणतो ना, 'हाताला यश आहे', त्या जातीचा हा शब्द आहे.

आता सोव्हिएत संघाचा सर्गेई बेलोव. 1972 ची म्युनिक ऑलिंपिकची अंतिम लढत, शेवटच्या तीन सेकंदांवरून आजही वाद चालतो ती. अमेरिका ऑलिंपिक बास्केटबॉलमध्ये पहिल्यांदाच हरली, 51-50. अमेरिकन खेळाडूंनी रुपेरी पदकं स्वीकारली नाहीत. त्या सामन्यात सर्गेईने 20 गुण केले. (शेवटची बास्केट टाकणारा अलेक्सांदर बेलोव वेगळा, दोघांचं नातं नाही. मराठीत ही दोन नावं नेहमी एकमेकांत मिसळतात.) वीस वर्षांनी, 1992 मध्ये, स्प्रिंगफील्डच्या दालनात स्थान मिळालेला पहिला परदेशी खेळाडू हाच सर्गेई बेलोव. ज्याच्या संघाने त्यांचं सोनं नेलं, त्याचा फोटो त्यांनी आपल्या घुमटाखाली लावला. हे वाचलं तेव्हा मला त्या संस्थेबद्दल फार आदर वाटला.

आणि उलियाना सेम्योनोवा. लाटव्हियाची, जवळपास सात फूट उंच, 1976 आणि 1980 ची ऑलिंपिक सुवर्णपदकं. तिला 1993 मध्ये स्थान मिळालं. अमेरिकेत महिलांची डब्ल्यूएनबीए सुरू झाली 1997 मध्ये. तिची कामगिरी लीगच्या तराजूत टाकायची म्हटलं तर तो तराजू तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

आणखी एक नाव मला इथे सर्वात महत्त्वाचं वाटतं, आणि ते अमेरिकनच आहे : हँक लुइसेटी. स्टॅनफर्डचा खेळाडू, एनबीएत कधीच खेळला नाही. 1959 च्या अगदी पहिल्या तुकडीत त्याला स्थान आहे. त्याच्या नावापुढे 'तरी' कोणी लावत नाही. कॉलेजच्या खेळावर लुइसेटी चालतो, तर ऑलिंपिकच्या खेळावर बेलोव का चालू नये?

वेगळ्या समितीबद्दल. वरच्या प्रतिसादात कीर्ती म्हणजे सांगितली जाणारी गोष्ट असं आलंय, त्याचाच आधार घेते. सांगायला आधी कोणीतरी पाहिलेलं असावं लागतं. 1987 मध्ये युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात निकोस गॅलिसने सोव्हिएत संघाविरुद्ध 40 गुण केले आणि ग्रीस 103-101 ने जिंकलं. तो खेळ ज्यांनी पाहिला तेच त्याचं वजन सांगू शकतात. गॅलिसला तिथे जागा मिळेपर्यंत 2017 उजाडलं, तीस वर्षं गेली. वेगळी समिती मला या उशिरावरचा उपाय वाटते. तिने दर वर्षी एक नाव द्यायचंच म्हणून दिलं, तर मीही तुमच्या बाजूने बोलेन.

प्रतिसाद

मी नागपाड्यात खेळत मोठा झालो. आमच्याकडे हा खेळ वायएमसीएमुळेच आला, तेव्हा स्प्रिंगफील्डशी आमचंही लांबचं नातं लागतं. एकच विचारतो : अमेरिकेच्या संघाकडून मिळवलेलं ऑलिंपिक सुवर्ण धरायचं का? कार्मेलो अँथनीकडे तीन सुवर्णपदकं आहेत आणि एनबीएचं विजेतेपद एकही नाही. 2025 मध्ये तो स्वतंत्रपणे आत गेला आणि 2008 च्या ऑलिंपिक संघाबरोबरही.

धागाकर्तीचं उत्तर

धरायचं, दादा. मराठी अर्थाने कार्मेलोची ती कामगिरीसुद्धा आंतरराष्ट्रीयच आहे, देशाकडून देशांविरुद्ध. फक्त बलाढ्य संघातल्या बाराजणांपैकी एकाचं सुवर्ण आणि ब्राझीलला एकट्याने खांद्यावर घेणाऱ्याचे पाच ऑलिंपिक, यांत मी दुसऱ्याला जास्त वजन देईन, मग पदक असो वा नसो. ऑस्करकडे ऑलिंपिक पदक एकही नाही.

प्रतिसाद

मग शेवटी छापलं काय?

धागाकर्तीचं उत्तर

लेखकाशी फोनवर बोलले. 'एनबीए हॉल ऑफ फेम' त्यांनी लगेच सोडलं. 'निव्वळ' काढायलाही तयार झाले. 'तरी'वर मात्र वेळ लागला. त्यांचं म्हणणं, वाक्याचा सगळा जोर त्या 'तरी'तच आहे. मी 1984 ची हकिगत सांगितली, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग स्वतःच नवं वाक्य सांगू लागले. पान गेलं ते असं :

"एनबीएत गेलं तर देशाकडून खेळता येणार नाही, म्हणून ब्राझीलचा ऑस्कर श्मिट तिकडे गेला नाही. देशासाठी केलेल्या कामगिरीबद्दल 2013 मध्ये त्याला नायस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं."

'तरी'च्या जागी 'म्हणून' त्यांनीच घातलं.