शेवटी माती न होणारी कोरियन मालिका सुचवा, आज रात्रीच हवी आहे

खिडकीपाशी: परत तेच झालं! चौदा भाग जीव टाकून बघायचे आणि शेवटच्या दोन भागांत सगळ्यावर पाणी. आता जिचा शेवट फसलेला नाही अशीच मालिका सांगा. उद्या-परवा सुट्टी आहे, आज रात्री सुरू करायची आहे. पटापट नावं द्या.

तिखटमीठ: अहो, काय बघितलंत ते तरी सांगा. प्रेमकथा हवी की थरार? कुठे बघता?

सदाफुली: क्रॅश लँडिंग ऑन यू. डोळे मिटून लावा.

खिडकीपाशी: ती केव्हाच झाली. नेटफ्लिक्स आहे, कोरियन मालिकांचं विकी ॲप आहे. आत्ता 'रिबॉर्न रिच' संपवली आणि अजून डोकं तापलेलं आहे. मालकांसाठी राबून त्यांच्याच घरच्यांकडून मारला गेलेला माणूस 1987 मध्ये त्याच घरातला धाकटा नातू होऊन जागा होतो. पंधरा भाग तो एकेक डाव टाकत कंपनीच्या जवळ पोचतो. आजोबा झालेले ली सुंग-मिन तर असे, की ते नुसते गप्प बसले तरी समोरच्याला घाम फुटावा. आणि शेवटी काय, तर नातू अपघातात मरतो, मूळचा माणूस दवाखान्यात जागा होतो, मधे जेमतेम आठवडा गेलेला. मग आम्ही कोणाची बाजू घेऊन बसलो होतो?

अर्धविराम: शेवट सांगून टाकलात! मी सहाव्या भागावर आहे. रहस्यभेदाची सूचना शीर्षकात टाकायला हवी होती.

वाचनवेडा: ज्या वेबकादंबरीवरून ती मालिका घेतली, तिच्यात नातूच कंपनी ताब्यात घेतो. शेवट मालिकेसाठी बदलला. तरी शेवटच्या भागाला 26.9 टक्के रेटिंग होतं, म्हणजे अख्ख्या कोरियाने तो एकदमच बघितला आणि एकदमच चिडला.
मुळात तिथली पद्धतच घात करते. आठवड्याला दोन भाग, प्रत्येक तासाभराहून मोठा, आणि वर्षानुवर्षं अर्धी मालिका दाखवून झाली तरी पुढची पटकथा लिहिणं चालूच. सुरुवातीचे भाग घोटून घोटून लिहिलेले, शेवटचे धावपळीत. 2012 ची 'बिग' बघा. गाँग यूसारखा नट असूनही शेवट असा केला की लोक अजून बोलतात.

तिखटमीठ: हे कारण दर वेळी पुढे करू नका. 'डिसेंडंट्स ऑफ द सन' 2016 मध्ये सगळी आधी चित्रित करून मगच दाखवली. म्हणून तिचा शेवट काय थोर होता? नायक मेला म्हणून रडवलं आणि वाळवंटातून चालत परत आणला. त्याच लेखिकेची 2020 ची 'द किंग: इटर्नल मोनार्क' तर शेवटापर्यंत थांबलीच नाही, चौथ्या भागातच गुंता. लेखकाला काय सांगायचंय तेच ठरलेलं नसतं, हे खरं दुखणं.

सदाफुली: 'ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन' बघा मग. रडाल, पण शेवट सच्चा आहे.

खिडकीपाशी: ती पण झाली आहे, तिचाही राग आहे.

सदाफुली: का? मुलीचं नाव किम मिन-छे, नायक बेक यी-जिन. कोरियात मुलाला वडिलांचं आडनाव लागतं. सुरुवातीपासून समोर होतं की ही जोडी टिकलेली नाही.

खिडकीपाशी: वेगळे झाले याचं दुःख नाही हो. त्याच्या बापाचं दिवाळं निघालेलं, ही तलवारबाजीच्या सरावाने घामाघूम, आणि तरी दोघं एकमेकांना उभं करत होती. ते तुटतं कसं, हे दाखवायला चौदा भाग हातात होते. ते शेवटच्या दोनांत उरकलं. 'स्टार्ट-अप'मध्येही तेच. पक्ष्याच्या घरट्यात ठेवलेली पत्रं ज्याने लिहिली, त्या जी-प्योंगला आणि आजीला इतकं सुंदर लिहिलं, आणि मग त्याला कडेला उभं करून ठेवलं. शेवट दुःखी असला तरी चालेल. आधी जे सांगितलं त्याला जागायला हवं.

अर्धविराम: 'स्टार्ट-अप'ची नायिका नायकाची, दो-सानचीच होती. जी-प्योंगचे चाहते अजून मानत नाहीत.

तिखटमीठ: 'स्ट्रेंजर', 2017. सोळा भाग, भावना जवळपास न जाणवणारा सरकारी वकील, सोबत अभिनेत्री बे डू-ना. एकही धागा सुटत नाही.

खिडकीपाशी: नाव ऐकलंय. पण आई सोबत असते. इंग्रजी सबटायटल मी वाचून तिला मराठीत सांगते. वकिलांचं इतकं बोलणं मला झेपणार नाही.

तिखटमीठ: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं ना ताई!

वाचनवेडा: मग 'मिसेंग'ही बाद, त्यात कार्यालयातली बोलणी फार. 'माय मिस्टर'मध्ये शांतता भरपूर आहे, पण दोन रात्रींत संपणार नाही.

कोकणस्थळ: आईंसोबत बघताय तर एखादं चांगलं मराठी नाटक का नाही बघत?

सदाफुली: विषय काय चाललाय, कोकणस्थळ! 'नॅव्हिलेरा' लावा, 2021 ची. सत्तरीचा निवृत्त पोस्टमन घरच्यांचा विरोध पत्करून बॅले शिकायला जातो. बाराच भाग, संवाद संथ, नेटफ्लिक्सवर आहे. पहिल्या भागात म्हातारा ज्यासाठी जीव टाकतो, शेवटही तिथेच नेऊन सोडतो.

खिडकीपाशी: म्हातारा मरतो का? एवढंच सांगा, आईला त्याची तयारी करून द्यावी लागेल.

सदाफुली: आजार आहे, विसरण्याचा. बाकी सांगत नाही, अर्धविराम रागावतील.

खिडकीपाशी: चालेल. आठ वाजता लावतेय. फसली तर उद्या इथेच येते.

कोकणस्थळ: बरं, ती कोरियन लाल मिरचीची पेस्ट, गोचुजांग, पुण्यात कुठे मिळते? मुलगी मागे लागली आहे.