मदत हवी आहे : शैवाल आणि मॉसचं स्त्री-जननांग सारखंच दिसतंय

ऐरोली_एफवाय : परवा प्रॅक्टिकल आहे, जरा पटकन सांगा. दोन्ही स्लाइडमध्ये मधे अंडपेशी आणि भोवती पेशींचं आवरण. मग फरक काय लिहायचा? नोट्समध्ये ‘शैवालात आवरण नसतं’ एवढंच आहे, पण मला धडधडीत दिसतंय. व्हिडिओ सुचवू नका, पाहून झालेत.

पारसिकवाला : कुठलं शैवाल? इडोगोनियम, व्हाउचेरिया, कारा?

ऐरोली_एफवाय : सिलॅबसमधलंच.

पारसिकवाला : सिलॅबस काय आम्ही उशाला घेऊन झोपतो?

गच्चीवाले_काका : शेवाळावर ब्लीचिंग पावडर टाका आणि काथ्याच्या ब्रशने घासा. वॉटरप्रूफिंगवाल्यांच्या नादी लागू नका, लुटतात.

ऐरोली_एफवाय : काका, मला ते काढायचं नाहीये, ओळखायचंय!! शैवाल म्हणजे कारा आणि मॉस म्हणजे फ्युनारिया.

सानपाडा_ताई : हे आधी सांगितलं असतंस तर एव्हाना उत्तर मिळालं असतं. काराचं ऊगोनियम, म्हणजे शैवालाचं स्त्री-जननांग, एकपेशीयच असतं. तुला दिसतंय ते आवरण म्हणजे पाच नळीसारख्या पेशी, खालच्या पेरातून निघून ऊगोनियमभोवती पिळासारख्या गुंडाळलेल्या. टोकाला पाच छोट्या पेशींचा मुकुट दिसेल. म्हणजे आवरण आहे, पण ते ऊगोनियमचं स्वतःचं नाही. फ्युनारियाच्या आर्किगोनियमची, म्हणजे मॉसच्या स्त्री-जननांगाची, भिंत त्याची स्वतःची असते. खाली फुगीर पोट, त्यात अंडपेशी. वर लांब मान. मानेच्या आतल्या पेशी विरघळल्या की शुक्राणूंना वाट मिळते.

पारसिकवाला : थोडक्यात, मान दिसली की आर्किगोनियम.

सानपाडा_ताई : इथेच पोरं फसतात. कोलिओकीट हे शैवालच, पण त्याच्या काही जातींत ऊगोनियमला लांब मान असते. ती मान त्या एकाच पेशीची, आर्किगोनियमची अनेक पेशींची. आकारावर जाऊ नका, भिंत बघा.

घोडबंदरकर : कॉलेजच्या जुन्या स्लाइडमध्ये सगळंच लालभडक दिसतं. त्यापेक्षा येऊरला जा, पावसात दगडांवर ताजं मॉस मिळतं. मी तर विद्यार्थ्यांना नेहमी हेच सांगतो.

पारसिकवाला : येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं. उपटाउपटी करायला सांगू नका. परीक्षा राहिली बाजूला, वनखात्याला उत्तरं देत बसेल.

घोडबंदरकर : मी बघायला सांगितलं. उपटा कुठे म्हटलं?

दख्खन_दगड : काराच्या त्या पिळावर चुना साठतो, म्हणून त्याचे जीवाश्म होतात. नाव जायरोगोनाइट. आपल्या दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळात सापडलेत. कोणाला अश्मयुगीन हत्यारांत रस असेल तर वेगळा धागा काढतो.

ऐरोली_एफवाय : नको. ताई, पुस्तकात मानेला पेशींच्या सहा उभ्या ओळी लिहिल्यात, स्लाइडमध्ये दोनच दिसतात. काढू किती?

सानपाडा_ताई : उभा छेद आहे ना? मग दोन्ही कडांना एकेक ओळच दिसणार. दोनच काढ. सहा मोजायच्या तर मानेचा आडवा छेद लागतो. आणि आजूबाजूचे केसासारखे पॅराफायसिस विसरू नकोस, त्यांना आर्किगोनियम म्हणून नाव दिलंस तर मार्क गेले. फलनानंतरचं विचारलं तर : काराचं ऊस्पोर, म्हणजे फलित अंडपेशी, गळून पडतं, मॉसचा भ्रूण आर्किगोनियममध्येच वाढतो.

ऐरोली_एफवाय : ओके. फलनानंतरचं किती मार्कांना येतं?