व्हिसाच्या अर्जांची छाननी यंत्राकडे सोपवणे न्याय्य आहे का?

(बडोद्यातील तीन वस्त्यांच्या नावांनी बोलणाऱ्या तिघांचा संवाद)

दांडियाबाजार:
बडोद्यातल्या मराठी घरांतही आता कॅनडाच्या व्हिसाची चर्चा नित्याची झाली आहे, परंतु २०१८ पासून भारत आणि चीनमधून तेथे जाणाऱ्या तात्पुरत्या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जांची वर्गवारी संगणकी प्रणाली करू लागली, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. ब्रिटनचा अनुभव तर बोलका आहे. तेथील गृहखाते २०१५ पासून अर्जांना लाल, पिवळा किंवा हिरवा शेरा देणारी प्रणाली वापरत होते आणि तिच्या निकषांत राष्ट्रीयत्वही होते. ज्या देशाचे अर्ज अधिक नाकारले जात, त्या देशाच्या पुढच्या अर्जदाराकडे त्या नकारांमुळेच अधिक संशयाने पाहिले जाई. स्थलांतरितांच्या हक्कांसाठी काम करणारी जेसीडब्ल्यूआय आणि तंत्रज्ञानाच्या गैरवापराविरुद्ध लढणारी फॉक्सग्लोव्ह या संस्थांनी न्यायालयात दाद मागितल्यावर ऑगस्ट २०२० मध्ये ती बंद झाली.

फतेगंज:
आपण दोन्ही देशांना एकाच मापाने मोजत आहात. कॅनडातील प्रणाली सरळसोट अर्ज पात्र ठरवते, नकार मात्र अधिकारीच देतो. शिवाय स्वयंचलित निर्णयांबाबत तेथे २०१९ पासून सरकारी निर्देश लागू आहे. अधिकाऱ्याच्या मनातला पूर्वग्रह तपासण्याची सोय कुठे असते? यंत्राचे निकष निदान तपासता तरी येतात. आणि परक्या देशात प्रवेश मिळणे हा कोणाचाही हक्क नव्हे.

रावपुरा:
प्रवेशाचा हक्क नाही, हे मान्य. पण भेदभावाविना छाननी होण्याचा हक्क त्याने संपत नाही. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्यातील फसवणूक शोधणाऱ्या प्रणालीने राष्ट्रीयत्व हा जोखमीचा निकष मानला, हजारो कुटुंबांवर नाहक वसुली लादली गेली आणि जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. ही कुटुंबे परदेशातून दार ठोठावणारी नव्हती, तिथेच राहणारी होती.

फतेगंज:
तो कारभाराचा दोष होता, केवळ यंत्राचा नव्हे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील कायद्यानेही आश्रय आणि व्हिसाचे अर्ज तपासणाऱ्या प्रणालींना उच्च जोखमीच्या वर्गात घालून अटी लादल्या आहेत, सरसकट बंदी घातलेली नाही.

दांडियाबाजार:
बंदी मीही मागत नाही. ‘मुक्काम संपल्यावर आपण कॅनडा सोडाल याची खात्री पटली नाही’ अशा अर्थाच्या ठरावीक वाक्याने अर्जदाराची बोळवण होते (सल्लागाराला दिलेली फी अर्थातच बुडते). यंत्राने बाजूला काढलेली फाइल अधिकाऱ्याकडे जाते, तेव्हा तो कोऱ्या मनाने ती उघडतो, असे आपणांस खरोखर वाटते का? निदान नकारपत्रावर अर्ज कोणत्या वर्गात टाकला गेला होता आणि का, एवढा एक रकाना तरी वाढवावा.

फतेगंज:
‘कोणत्या वर्गात’ याला माझी हरकत नाही. ‘का’ हे उघड केले, तर निकष चुकवून अर्ज भरून देणारी दुकाने अलकापुरीत आठवडाभरात उघडतील.