ओट्यासाठी कडाप्पा की काळा ग्रॅनाइट? दोन्ही काळेच, मग फरक कुठला?

पाटावरवंटा: दादरच्या जुन्या घरातील स्वयंपाकघराचे काम काढले आहे. सध्याचा कडाप्प्याचा ओटा सासूबाईंच्या काळातला आहे. आमसुले भिजवण्याचे भांडे नेहमी ज्या जागी असे, तिथे त्यावर पांढुरके वर्तुळ उमटले आहे आणि बोट फिरवले तर ते खरखरीत लागते. कंत्राटदार काळा ग्रॅनाइट घालायला सांगतात. किमती मला ठाऊक आहेत. आंबट एका दगडाला सोसते आणि दुसऱ्याला सोसत नाही, ते का, एवढे जाणून घ्यायचे आहे.

कातळवेडा: कडाप्पा हा चुनखडक आहे. आंध्रातील कडपा भागात पन्नास कोटी वर्षांहूनही पूर्वी उथळ समुद्र होता आणि त्याच्या तळाशी चुन्याचा बारीक गाळ थरावर थर साचून हा दगड घडला. शंखशिंपले तेव्हा अजून अवतरलेच नव्हते, म्हणून ते यात शोधू नयेत. यातील मुख्य खनिज कॅल्साइट. आम्लाशी गाठ पडली की ते विरघळते आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. आपले वर्तुळ म्हणजे डाग नसून झीज आहे, त्यामुळे घासून ते जाणार नाही.

ग्रॅनाइट मात्र जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल, शिलारस अतिशय सावकाश थंड होऊन तयार होतो, आणि म्हणूनच त्याचे स्फटिक नुसत्या डोळ्यांना दिसतात. कठीणपणाच्या मोह्स मापावर कॅल्साइट ३, तर ग्रॅनाइटमधील फेल्डस्पार ६ आणि क्वार्ट्झ ७. या सिलिकेट खनिजांना, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या बांधणीच्या खनिजांना, लिंबू-चिंच काही करू शकत नाही.

गंमत अशी की बाजारातला काळा ग्रॅनाइट बहुधा ग्रॅनाइट नसतोच. तो गॅब्रो किंवा डोलेराइट असतो, म्हणजे शिलारसापासूनच झालेला गडद दगड; त्याचीही खनिजे मुख्यतः सिलिकेटच, म्हणून आंबट त्यालाही सोसते. आंध्रातील चिमकुर्तीचा चमचमणारा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ही त्याच कुळातला. रासायनिक घडणीने हे दगड खऱ्या ग्रॅनाइटपेक्षा आपल्या मुंबईच्या काळ्या पाषाणाला, म्हणजे बेसाल्टला, अधिक जवळचे आहेत. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब ज्या शिलारसाचे आहेत, तशाच जातीचा रस खोलवर हळूहळू निवाला तर त्याचा गॅब्रो होतो.

फरशीवाला: वरील माहितीला धंद्यातली थोडी जोड देतो. कडाप्पा थरांचा असल्यामुळे त्याच्या लाद्या सहज सुटतात, आणि स्वस्ताईचे एक कारण तेच आहे. पण त्याच थरांमुळे कडेला पापुद्रे निघतात. ओट्याखालच्या फळ्यांना तो उत्तमच आहे, तिथला उगाच उखडू नये. नमुना घ्याल तेव्हा त्याच्या पॉलिश न केलेल्या पाठीवर लिंबाचे थेंब टाकून दहा मिनिटे थांबा. शिवाय पांढऱ्या कापसावर थिनर घेऊन पुढची बाजू पुसा. कापूस काळा झाला तर दगड रंगवलेला आहे असे समजावे.

पाटावरवंटा: दोन्ही करून पाहिले. नमुन्याला काही झाले नाही, कापूसही पांढराच राहिला. जुन्या कडाप्प्यावर मात्र बारीक बुडबुडे आले आणि पुसल्यावर तिथे फिकट ठिपका उरला. आता कुतूहल म्हणून विचारते: आमच्या पाट्यावर पिढ्यानपिढ्या चिंच वाटली गेली, तरी त्याला काही झाले नाही. तो कोणता दगड असेल?

कातळवेडा: काळा, जड आणि महाराष्ट्रातलाच असेल, तर बहुतेक बेसाल्ट. त्यात कॅल्साइट नावापुरतेच असते, म्हणून चिंचेचे त्याच्यापुढे काही चालत नाही. पाटा गुळगुळीत होतो तो वरवंट्याच्या घासण्याने, आणि म्हणूनच त्याला टाकी लावून घ्यावी लागते.