केळीच्या खांबातून नॅनोसेल्युलोज: आम्लात लगदा काळा पडतो

राजवाडा_इंदूर:
बऱ्हाणपूरकडच्या केळीच्या खांबापासून नॅनोसेल्युलोज (सेल्युलोजचे अतिसूक्ष्म कण) काढून पीव्हीएच्या (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारं प्लास्टिक) फिल्ममध्ये ३ टक्के घालायचं आहे. सोपटं वाळवून दळली, ४ टक्के कॉस्टिकमध्ये (सोडियम हायड्रॉक्साइड) ८० अंशांवर २ तास, मग सोडियम क्लोराइटचं ब्लीच. लगदा पांढरा होतो. पुढे ६४ मिली सल्फ्युरिक, ३६ मिली पाणी, ४५ अंशांवर ४५ मिनिटं. तिथे सगळं काळं, हाती काहीच नाही. वेळ कमी करू का?

तंतुवेडा:
वेळ राहू द्या, आम्ल मोजा. ६४ टक्के हे वजनाने. ९८ टक्क्यांचं ६४ मिली म्हणजे सुमारे ११८ ग्रॅम, त्यात ३६ ग्रॅम पाणी, म्हणजे तुमचं आम्ल ७५ टक्क्यांचं झालं. त्यात सेल्युलोजचा जो स्फटिकी भाग आपल्याला हवा, तोही विरघळतो आणि सुटलेली साखर करपते. १०० ग्रॅमसाठी ३५ ग्रॅम पाणी घ्या, भांडं बर्फात ठेवून त्यात ६५ ग्रॅम (साधारण ३५.५ मिली) आम्ल हळूहळू सोडा. आम्ल पाण्यात, उलट कधीच नाही. ४५ अंशांवर स्थिर झालं की मगच लगदा, दर ग्रॅमला १० ते २० मिली. शेवटी दहापट गार पाण्यात ओता. मे महिन्यात इंदूरच्या नळाचं पाणी गार धरू नका, बर्फाचंच हवं.
ब्लीच करताना क्लोरीन डायऑक्साइड सुटतो, हा वायू विषारी, ते काम फ्यूम हूडखालीच (वायू बाहेर ओढणारं कपाट).

गाळणी४५२:
सेंट्रिफ्यूजमध्ये सुरुवातीला वरचं पाणी नितळ येतं, ते फेका. आम्ल धुऊन गेलं की तेच गढूळ येऊ लागतं. तोच तुमचा माल! बरेच जण नेमका तो बेसिनमध्ये ओततात. मग डायलिसिस, म्हणजे माल पातळ पडद्याच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवायचा, बाहेरच्या पाण्याचा पीएच बदलेनासा होईपर्यंत. पाणी डिस्टिल्डच, नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यातलं कॅल्शियम सल्फ्युरिकमुळे कणांवर आलेल्या ऋणभारित सल्फेट गटांना धरतं आणि गुठळ्या होतात. प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारं यंत्र) चालवताना भांडं बर्फात. दोन आडव्या-उभ्या पोलरायझरमधून बाटली हलवून पाहा, रंगीत पट्टे दिसले तर स्फटिक सुटे आहेत.

राजवाडा_इंदूर:
ओव्हनमध्ये वाळवून पूड ठेवता येईल? पुढे पीएलएतही (पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड, जैविक प्लास्टिक) वापरायचं आहे.

तंतुवेडा:
ओव्हन नको. पाणी उडालं की कण हायड्रोजन बंधांनी चिकटतात, पुन्हा सुटत नाहीत आणि फिल्मवर पांढरे ठिपके येतात. पातळ कॉस्टिकने पीएच ७ करून फ्रीज-ड्राय केलेला (गोठवून निर्वातात वाळवलेला) सोडियमवाला माल मात्र पाण्यात पुन्हा पसरतो.
पीएलए १८० अंशांच्या आसपास वितळवावं लागतं. सल्फेटमुळे तिथे रंग तपकिरी होतो, सोडियम रूपात जरा कमी. शिवाय पाणी-प्रेमी कण पीएलएत गोळा होतात. नुसती ताकद हवी असेल तर आम्लाच्या फंदात का पडता? ब्लीच केलेला ओला लगदा ग्राइंडरमधून अनेकदा काढा, लांब तंतूंचं जाळं मिळतं.
पीव्हीएसाठी: आधी ५ ग्रॅम द्रावण १०५ अंशांवर वाळवून घनभाग मोजा. तो १ टक्का निघाला तर १० ग्रॅम कोरड्या फिल्मला द्रावण ३० ग्रॅम, पीव्हीए ९.७ ग्रॅम. पीव्हीए ९० अंशांवर वेगळं विरघळवा, कोमट झाल्यावर मिसळा, बुडबुडे निघून जाऊ द्या आणि मग ओता.