मदत हवी आहे : पश्चिम कॅन्सस – दुष्काळाचा नकाशा आणि दोन आठवड्यांचा अंदाज एकमेकांशी कसे जुळवावेत?

नमस्कार. मी अमेरिकेतील पश्चिम कॅन्ससमधील एका कोरडवाहू शेतावर काम करतो. सप्टेंबरअखेरीस पेरलेला हिवाळी गहू आता पोटरीत आला असून (म्हणजे लोंबी अजून पानाच्या आवरणातच आहे), तो दाण्यासाठी राखावा की हिरवा असतानाच कापून वैरण करावी, हे मालकांना येत्या आठ-दहा दिवसांत ठरवायचे आहे. पावसाचा अंदाज घेऊन त्यांना सांगण्याचे काम माझ्याकडे आहे, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

यू.एस. ड्रॉट मॉनिटर या दर गुरुवारी निघणाऱ्या दुष्काळाच्या नकाशावर आमची काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) बरेच आठवडे डी-3, म्हणजे डी-0 ते डी-4 या वाढत्या तीव्रतेच्या पाच पायऱ्यांपैकी शेवटून दुसऱ्या पायरीवर आहे, आणि सोबत दीर्घकालीन दुष्काळाचे ‘एल’ हे अक्षरही आहे. मागच्या मंगळवारी संध्याकाळी येथे 18 मिलिमीटर पाऊस झाला. गुरुवारच्या नकाशात तो दिसला नाही, कारण त्यासाठी मंगळवार सकाळपर्यंतच्याच नोंदी धरतात. पण पुढच्या गुरुवारीही रंग बदलेल असे मला वाटत नाही. बुधवारी सकाळी मी शेतात लोखंडी सळई रोवून पाहिली, तर ती जेमतेम पाच इंच सहज गेली आणि मग फरशीला लागावी तशी थांबली. उकरून पाहिले तेव्हा वर काळसर, मऊ ओल आणि खाली चिमटीत धरताच भुगा होणारी फिकट माती होती. या अवस्थेतला गहू उन्हावाऱ्याच्या दिवशी सहा-सात मिलिमीटर पाणी सहज ओढतो. म्हणजे तो पाऊस तीन दिवसांचाच.

आता अंदाजाविषयी. क्लायमेट प्रेडिक्शन सेंटर या अमेरिकी सरकारी हवामान केंद्राच्या 8 ते 14 दिवसांच्या अंदाजाच्या नकाशावर आमचा भाग हिरवा असून तेथे 40 टक्के लिहिले आहे. त्याचा अर्थ पाऊस पडण्याची शक्यता 40 टक्के असा नसून, त्या सात दिवसांची बेरीज 1991 ते 2020 या काळातील सर्वांत ओल्या एक-तृतीयांशात बसण्याची शक्यता एरवीच्या 33 टक्क्यांवरून 40 वर गेली आहे, इतकाच आहे, हे मला ठाऊक आहे. खरी अडचण वेगळी आहे. मे महिन्यात आमच्याकडचा पाऊस बहुतांशी गडगडाटी ढगांचा असतो आणि ड्रायलाइन, म्हणजे मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी दमट हवा व पश्चिमेची कोरडी हवा यांच्यामधली सीमा, दुपारी नेमकी कोठे थांबते यावर तो अवलंबून असतो. ती पन्नास किलोमीटर पूर्वेला सरकली की शेजारच्या काउंटीत गारांसह झोडपून काढतो आणि आमच्याकडे नुसता वारा.

अशा वेळी 40 टक्क्यांच्या हिरव्या रंगाला निर्णयात किती वजन द्यावे? ड्रायलाइनचा कल चार-पाच दिवस आधी ओळखण्यासाठी आपण कोणते नकाशे पाहता? आणि ज्यांनी खाली कोरडी माती असताना याच अवस्थेतला गहू राखला आहे, त्यांनी सळई किती खोल गेल्यावर तो निर्णय घेतला होता, हे कृपया सांगावे. वैरण करायची तर लोंब्या बाहेर पडण्याआधी कापणी सुरू करावी लागेल, त्यामुळे या आठवड्यात उत्तर मिळाल्यास फार उपयोग होईल.